अकराशे बेचाळीस दिवस

पावणेनऊला टेबलावरचा पंखा थांबला तेव्हा तिला आधी बरंच वाटलं. त्याचं एक पातं वाकडं होतं, दर फेरीला टक् असा आवाज यायचा आणि कित्येक महिने ती उद्या-उद्या करत त्याच्याकडे कानाडोळा करत होती. वायरमन कालच सांगून गेला होता, "ताई, सकाळी तळमजल्याचं पॅनल बदलायचंय. दहा मिनिटांचं काम. तुमच्या सर्व्हरला बॅटऱ्या आहेत, त्याला कळणारसुद्धा नाही." बॅटऱ्या वीस मिनिटं पुरतात हे तिनेच त्याला केव्हातरी सांगितलं होतं. मग काळजी कसली? ती खिडकीजवळ खुर्ची ओढून चहा घेत बसली. बाबा वर, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, डोळ्यांच्या विभागाबाहेर एक नंबरचं टोकन हातात घेऊन बसले होते. त्यांना तिथवर आणायला तिला दोन वर्षं लागली होती. आज अकराच्या आत त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघणार होता, आणि इतकं साधं, सरळ सुख तिला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. दिवस चांगला होता. चहासुद्धा चांगला झाला होता. वायरमनची दहा मिनिटं म्हणजे किती हे तिच्यासारख्या जुन्या माणसाला खरं तर ठाऊक असायला हवं होतं, पण सुखात माणूस घड्याळ बघत नाही. मग कधीतरी तिच्या लक्षात आलं की बाहेरच्या कॉरिडॉरमधली पावलं ऐकू येताहेत. कुणीतरी चपला घासत गेलं, मागून एक ढकलगाडी गेली. या खोलीत दवाखान्याचा सर्व्हर सांभाळत काढलेल्या अकरा वर्षांत तिने बाहेरची पावलं कधी ऐकली नव्हती, कारण काचेच्या दारापलीकडे सर्व्हरचे पंखे रात्रंदिवस घोंघावत असायचे. तिने कप खाली ठेवला. काचेपलीकडे अंधार होता आणि त्या अंधारात एकही दिवा लुकलुकत नव्हता.

वीज परत आली तेव्हा ती दारात उभी होती. सर्व्हर आपोआप चालू झाला, पंखे एकदम जोरात फिरले, मग शांतावले. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, मग पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकू लागल्या. ती बघत राहिली. तिने हे इतक्या दिवसांत पाहिलंच नव्हतं. अकराशे बेचाळीस दिवस. रोज सकाळी आल्या आल्या ती एक छोटी आज्ञा टाइप करायची आणि सर्व्हर किती दिवस न थांबता चालू आहे तो आकडा बघायची. काल तो अकराशे बेचाळीस होता. पाचशे झाले तेव्हा तिने सगळ्यांना बिस्किटं वाटली होती. हजार झाले तेव्हा डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या आणि म्हणाल्या, "माझं लग्नसुद्धा इतकं टिकलं नव्हतं." सगळे हसले होते. या धंद्यातल्या लोकांना असली मिरवण्याची खोड असतेच, आणि त्यात तिच्यासारखीला तर फारच. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ आत्ता कुणीतरी उघडत होतं. ओळी सरकता सरकता एकदम थांबल्या. खाली एक लाल तारका डावी-उजवीकडे फिरू लागली आणि शेजारी सेकंद मोजले जाऊ लागले: एका डिस्कची वाट पाहत आहे, दीड मिनिटापर्यंत. तीसपर्यंत ती शांत होती. साठनंतर ती पडद्याच्या अगदी जवळ सरकली. नव्वद झाले आणि पडद्यावर तीन ओळी आल्या, त्यांचा अर्थ इतकाच होता की मला पुढे जाता येत नाही, पासवर्ड दे आणि काय ते तूच बघ.

तेवढ्यात फोन. वरच्या सिस्टर होत्या, डोळ्यांच्या विभागाच्या.

"ताई, आमच्या स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरतंय."

"सर्व्हर पडलाय. बघतेय."

"किती वेळ?"

"बघतेय," ती पुन्हा म्हणाली.

"बघा, तुम्हाला माहितीच आहे. कुणाच्या डोळ्यात कुठल्या नंबरची लेन्स घालायची ते सगळं त्यातच. पुन्हा मोजू म्हटलं तर मोजायचं यंत्रही तिथेच लिहितं. अकरापर्यंत पहिला पेशंट आत गेला नाही तर मॅडम आजची यादी रद्द करणार, दुपारी त्यांना दुसरीकडे जायचंय. पुढची तारीख दीड महिन्याने."

"बाबा काय करताहेत?"

सिस्टर जरा हसल्या. "बसलेत. मला विचारत होते, यंत्र बंद पडलं म्हणजे आता घरी जायचं का?"

तिला तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला. त्या आवाजातली आशासुद्धा ऐकू आली. दोन वर्षं हेच चाललं होतं. आधी म्हणाले, थंडी जाऊ दे. थंडी गेली तर म्हणाले, माझं एका डोळ्याने भागतंय. मग म्हणाले, "तुझ्या आईचे दोन्ही डोळे शाबूत होते, तरी तिने माझ्यासारखा नवरा केलाच ना? डोळ्यांनी काही होत नसतं." आणि इकडे चहा कपाच्या शेजारी ओतला जाई, जिना उतरताना हात भिंतीवरून घासत येई, आणि गेल्या महिन्यात रस्ता ओलांडताना ते मधेच थांबले होते, समोरची गाडी येतेय की उभी आहे हे न कळून, आणि ती या बाजूच्या फुटपाथवर पिशव्या टाकून धावली होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, मोतीबिंदू पिकलाय, आणखी सहा महिने गेले तर सोपं काम अवघड होऊन बसेल. आज ते घरी गेले तर पुन्हा येणार नाहीत. दीड महिन्याने नाही, सहा महिन्यांनी नाही, कधीच नाही. हे तिला स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. घड्याळात नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. चामड्याची पिशवी घेऊन घरोघर जायचे आणि शाळेला सुट्टी असली की ती बरोबर असायची. एखाद्या बाई दारातच सांगायच्या, मशीन चांगलं चालतंय, पण आलाच आहात तर एकदा उघडून बघा की. बाबा पिशवीसुद्धा खाली ठेवायचे नाहीत. "चालत्या मशीनला हात लावू नये, बाई," म्हणायचे आणि पुढच्या घरी निघायचे. तिला ते फार आवडायचं. आपला बाप उगाच स्क्रू पिळत नाही याचा अभिमान वाटायचा. आता, गार खोलीत, बोटं बगलेत धरून त्या तीन ओळींसमोर उभी असताना तिला वाटलं, मी आयुष्यभर हेच एक वाक्य घेऊन बसलेय. चालतंय ना? मग नको हात लावायला. सुधारणा आल्या, त्या चालवायला सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागायचा, तर ती म्हणायची, पुढच्या महिन्यात बघू. आणि बाबा म्हणायचे, थंडी जाऊ दे. दोघांचं एकच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिला उगाच वाटलं की हे आत्ता वरही सगळ्यांना दिसत असेल.

आधी तिला वाटलं डिस्कच मेली. तशी मेली असती तर तिचा दोष नव्हता, आणि आपला दोष नसावा असं माणसाला फार मनापासून वाटतं. तिने सर्व्हरच्या पुढची जाळी काढली, वाकून दिवे मोजले. आठ डिस्का, आठ हिरवे दिवे. सगळ्या जिवंत. मग हा कुणाची वाट बघतोय? ती मागे वळली, स्टूल ओढलं, पासवर्ड टाइप केला. टाइप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही, एक ठिपकासुद्धा नाही, त्यामुळे दोनदा चुकला. तिसऱ्यांदा आत घेतलं. मग तिने ती यादी उघडली. प्रत्येक सर्व्हरमध्ये असते, कुठली डिस्क कुठे जोडायची याची. चालू होताना सर्व्हर ती वरून खाली वाचतो आणि एकेक हजेरी घेत जातो. अकरा ओळी. दहा ओळखीच्या. अकरावी ओळ एका बाहेरच्या डिस्कची होती, वायरने जोडायच्या, आणि त्या ओळीच्या डोक्यावर तारीख होती आणि इंग्रजी अक्षरांत तिनेच लिहिलेलं मराठी: तात्पुरते. सोमवारी काढणे.

तो शुक्रवार होता. डोळे मोजायचं जुनं यंत्र जाऊन नवं येणार होतं आणि जुन्यातलं सगळं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचं होतं. तिने डिस्क जोडली, यादीत ओळ लिहिली, काम दोन दिवस चालणार होतं. साडेचारला बाबांचा फोन आला की आईला दम लागलाय. ती पर्स घेऊन निघाली, दिवासुद्धा मालवला नाही. शनिवार दवाखान्यात गेला. या नव्हे, घराजवळच्या. आई शुद्धीत होती, तिला पाणी हवं होतं आणि नर्स चमच्याने देत होती, आणि आई म्हणाली, "हिला सांग, चमचा जरा मोठा आण." हे तिचं शेवटचं सांगणं. रविवारी आई गेली. त्यानंतरचा सोमवार कसा उजाडला, कसा मावळला, तिला आठवत नाही. दहा दिवसांनी ती कामावर आली तेव्हा काम केव्हाच संपलेलं होतं, कुणीतरी डिस्क काढून कपाटात ठेवली होती, वायर नीट गुंडाळून. ओळ राहिली. कुणाला कळणार? सर्व्हर चालू होता. तो ती यादी फक्त चालू होताना वाचतो आणि त्याला चालू व्हायची वेळ तिने येऊच दिली नव्हती. दोन वर्षं ती ओळ तिथे होती, त्या सोमवारची वाट बघत. तिला रडू आलं नाही. उलट आत काहीतरी सैल पडल्यासारखं झालं, आईचा तो चमचा आठवून हसूच आलं. ती गार स्टुलावर बसून, एकटीच, तोंडावर हात ठेवून हसली, आणि मग घड्याळ बघून ताठ झाली. नऊ बावन्न.

ओळीच्या सुरुवातीला तिने एक चिन्ह घातलं, म्हणजे सर्व्हर ती ओळ वाचणार नाही. जतन करायला गेली तर नकार: इथे फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही. अडलेला सर्व्हर स्वतःला असं कुलूप लावून घेतो, हे तिला माहीत होतं, पण घाईत विसरली होती. कुलूप काढलं, पुन्हा लिहिलं, जतन केलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला. ओळी वर सरकल्या, तारका आली नाही, सेकंद मोजले गेले नाहीत, आणि खाली नेहमीचा, आत येणाऱ्याचं नाव विचारणारा प्रश्न आला. जीव भांड्यात पडला. तिने वर फोन लावला. "सिस्टर, बघा आता."

"गोल फिरतंयच."

"अजून?"

"अजून. ताई, दहा वाजून गेले."

सर्व्हर जिवंत होता आणि त्याच्याशी कुणालाही बोलता येत नव्हतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. ती पाच मिनिटं भलत्याच दिशेने गेली, वायरी हलवून बघितल्या, एक काढून घातली. मग तिने सर्व्हरला विचारलं, नेटवर्कवरचा तुझा पत्ता काय? त्याने जुना पत्ता सांगितला, तीन वर्षांपूर्वीचा. आणि मग तिला तीही दुपार आठवली. वरच्या मजल्याची यंत्रं नव्या नेटवर्कवर नेली त्या दिवशी सगळे खोळंबले होते, तिने एका आज्ञेने सर्व्हरला नवा पत्ता दिला होता, लगेच सुरू झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बंद झाल्यावरही त्याच्या लक्षात राहावा म्हणून तो फाइलमध्ये लिहायचं तिने संध्याकाळवर टाकलं. ती संध्याकाळही आली नाही. त्या दिवशी तर कुणी आजारीसुद्धा नव्हतं, नुसता आळस. एका ठिकाणी जे नाही ते लिहून ठेवलेलं, दुसऱ्या ठिकाणी जे आहे ते लिहिलेलंच नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने तीच आज्ञा पुन्हा टाइप केली. दोन सेकंदांत फोन वाजला.

"आलं, ताई. सगळी नावं दिसताहेत. तुमच्या बाबांचं पहिलंच आहे." सिस्टरांच्या मागे कुणीतरी सुस्कारा सोडला. "मॅडम हात धुवायला जाताहेत. सुरू करायचं ना?"

दहा वाजून चोवीस मिनिटं. हो म्हणायचं होतं. तोंडात आलंच होतं. पत्ता तर आता बरोबर होता, पण पुन्हा तोंडीच दिलेला. तिने फाइल उघडून तो लिहिला, दोनदा वाचून बघितला. झालं की. आता हात लावायचं काय काम? आणि नेमकं तेव्हा बाबांच्या त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग तिला आठवला, जो त्यांनी कधी बोलून दाखवला नव्हता. दुरुस्ती झाली की ते चिंधीवर एक शिवण मारून बघायचे, शिवण सरळ यायची, बाई खूश व्हायच्या. मग बाबा दोरा काढून टाकायचे. सगळा. वरचा, खालचा, बॉबिनसुद्धा बाहेर. आणि म्हणायचे, आता तुम्ही ओवा, तुम्ही शिवा. बाई वैतागायच्या, अहो चालतंय की. बाबा भिंतीला टेकून उभे राहायचे. त्या उभं राहण्यातच सगळं असायचं, माझ्या हाताने चाललं याला काही अर्थ नाही, मी गेल्यावर चाललं पाहिजे. ती लहान असताना तिला त्यात वेळ गेल्याचा राग यायचा, पुढच्या घरी सरबत मिळायचं म्हणून. म्हणजे बापाकडून तिने अर्धंच उचललं होतं. सोयीचं तेवढं.

वायरमन अजून तळमजल्यावर होता. पॅनलचं झाकण उघडंच होतं. बॅटऱ्या रिकाम्या होत्या. बाबा टेबलावर असताना वीज पुन्हा गेली, लेन्सचा नंबर पडद्यावरून गेला आणि सर्व्हर उठला नाही तर?

"सिस्टर, मॅडमना सांगा, दहा मिनिटं थांबा."

"का? चालू आहे ना?"

"चालू आहे. मी बंद करून बघणार आहे."

पलीकडे फोन हातातून हातात गेला. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "काय म्हणताय? साडेदहा वाजलेत. चालू असलेलं बंद करणार?"

"हो, मॅडम. आत्ता मी धरून उभा केलाय. तो आपल्या पायावर उठतो की नाही, मला ठाऊक नाही. तुम्ही डोळा उघडल्यावर कळण्यापेक्षा आधी कळू दे."

"आणि नाही उठला तर?"

"तर आजची यादी गेली, आणि ती माझ्यामुळे गेली असं सांगा."

"दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "एक जास्त नाही."

तिने आज्ञा टाइप केली आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी हात मांडीवर पुसला. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती, पंचेचाळिशीच्या बाईला. वर बाबा बसलेत. मी आत्ता हे दाबलं नाही तर ते पाच मिनिटांत आत जातील. दाबलं आणि बिघडलं तर ते घरी जातील, आनंदाने जातील, आणि सहा महिन्यांनी मी त्यांचा हात धरून त्यांना संडासापर्यंत नेत असेन. तिने दाबलं. पंखे थांबले. पुन्हा ती कॉरिडॉर ऐकू येणारी शांतता. मग पंखे फिरले. ती उठली, कीबोर्डपासून लांब गेली, दाराला पाठ लावून उभी राहिली आणि दोन्ही हात मागे बांधले. पडद्यावर ओळी सरकत होत्या. एक, दोन ठिकाणी अडखळल्यासारख्या झाल्या, पुढे गेल्या. नावाचा प्रश्न आला. तरी ती हलली नाही. फोन वाजेपर्यंत ती तिथेच उभी होती, आणि सिस्टर म्हणाल्या, "दिसायला लागलं. तुम्ही काही केलंत का?" तेव्हा ती म्हणाली, "नाही. मी काहीच केलं नाही."

जिन्याने वर जाताना तिने मनाची तयारी केली होती की निम्मी बाकडी रिकामी असतील. एकही रिकामं नव्हतं. नऊ माणसं बसली होती, बहुतेकांच्या डोळ्यांत थेंब घालून झालेले, सगळ्यांचे चेहरे वर उचललेले. सिस्टर दारातच भेटल्या. "उठून चालले होते हो सगळे. तुमच्या बाबांनी बसवलं. म्हणाले, खाली माझी मुलगी आहे, ती लावते, बसा."

बाबा कडेच्या बाकावर होते. ती अगदी जवळ गेली तेव्हा त्यांना कळलं. "झालं?"

"झालं."

"काय होतं?"

"माझीच चूक होती. दोन ठिकाणी."

"मग बरं," ते म्हणाले. "आपली चूक सापडते तरी. दुसऱ्याची असती तर दुपार झाली असती."

ती शेजारी टेकली. "लोकांना बसवलंत म्हणे. मला वाटलं सगळ्यात आधी तुम्ही उठाल."

बाबांनी टोकन एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "उठलो होतो," मग ते हळू म्हणाले. "दारापर्यंत गेलो. ते दार ओढायचं की ढकलायचं ते दिसेना. मागे माणसं खोळंबली. परत येऊन बसलो. एकट्याला बसायला भीती वाटत होती, म्हणून म्हटलं, सगळेच बसा." त्यांनी तिच्याकडे मान वळवली, पण नजर तिच्या कानाजवळ कुठेतरी लागली. "भीती वाटतेय गं."

बापाच्या तोंडून हा शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आईच्या वेळेसही ऐकला नव्हता. तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "मलाही वाटली. मघाशी. सगळं चालू झालं होतं आणि मी पुन्हा बंद केलं."

"चालू असलेलं?"

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. आपलं आपण उठतं का ते बघायला."

सिस्टरांनी एक नंबर पुकारला, पुन्हा पुकारला. "मग?" बाबा म्हणाले.

"उठलं. मी लांब उभी होते."

त्यांनी मान हलवली, धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला हलवावी तशी, आणि बाकाच्या कडेला हात टेकून उभे राहिले. ती धरायला गेली तर म्हणाले, "राहू दे. तू लांबच थांब." दारापर्यंत ते हळूहळू गेले, चौकट चाचपली, आणि सिस्टरांनी दंड धरायच्या आत ते दार ढकलून आत शिरले.

ती उभीच राहिली. शेजारच्या बाकावरच्या म्हातारबाई सरकल्या आणि त्यांनी रिकाम्या जागेवर हाताने थोपटलं. ती बसल्यावर त्यांनी वर उचललेला चेहरा तसाच ठेवून विचारलं, "तुम्हीच ना त्या खालच्या? आता नाही ना पडणार बंद?"

"पडेल, आजी," ती म्हणाली. "कधीतरी पडेलच. पण येईल परत."